स्वस्त गाडी काढली म्हणून अमेरिकेतली महागड्या गाड्यांची पॅकार्ड कंपनी बुडाली का? आणि आज जुनी पॅकार्ड घ्यावी का?

पहिल्या प्रश्नातलं वाक्य मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून दहा वर्षं ऐकतोय, म्हणून लिहितो. नाही. साफ चूक.

डेट्रॉइटजवळ आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९५५ची पॅकार्ड पॅट्रिशियन आहे. एकदा त्यांनी आम्हाला फिरायला नेलं. मी आणि बायको मागे बसलो तशी गाडी मागून दबली. काही सेकंद सगळं शांत. मग खालून मोटरची गुरगुर आली आणि मागची बाजू हळूहळू उचलली जाऊन गाडी सपाट झाली. बायकोने माझा हात घट्ट धरला, तिला वाटलं काहीतरी तुटलं. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे लांब टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, आणि वजन पडलं की त्यांचा पीळ बदलणारी विजेची मोटर. १९५५ साली! रेल्वेचे रूळ ओलांडताना मांडीवरचा डबासुद्धा हलला नाही.

पण उतरताना मागचं दार दोनदा आपटावं लागलं. मी बावीस वर्षं बॉडी शॉपमध्ये काढलीत, माझं लक्ष तिथेच जातं. पॅकार्डच्या बॉडी ब्रिग्ज कंपनी बनवायची. १९५३मध्ये क्रायस्लर या प्रतिस्पर्धी कार कंपनीने ब्रिग्जचे कारखाने घेतले आणि पॅकार्डला कॉनर अ‍ॅव्हेन्यूच्या अपुऱ्या जागेत बॉडी आणि जुळणी दोन्ही घाईने हलवावं लागलं. १९५५च्या गाड्यांतले दोष तिथले. त्यात १९५४मध्ये तोट्यातली स्टुडबेकर ही दुसरी कार कंपनी गळ्यात बांधून घेतली. जून १९५६मध्ये डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली.

मेहुणा बोट दाखवतो ती स्वस्त पॅकार्ड, '१२०', आली १९३५मध्ये, किंमत ९८० डॉलरपासून. ऐन मंदीत तिनेच कंपनी तारली. पिअर्स-अ‍ॅरो या महागड्या गाड्यांच्या दुसऱ्या कंपनीने अशी गाडी काढली नाही, तिला १९३८मध्ये कुलूप लागलं. '१२०'नंतर पॅकार्ड डेट्रॉइटमध्ये एकवीस वर्षं चालली, याचं उत्तर त्याने एकदा द्यावं.

घ्यायची तर जरूर घ्या. ५५-५६ची असेल तर इंजिन चांगलं तापू द्या आणि टॅपेट (इंजिनच्या झडपा उघडणारे भाग) खडखडतात का ऐका, या गाड्यांचा ऑइल पंप हवा ओढतो. मागे दोघांना बसवून मोटर चालते का पाहा. ५७-५८ची नको, ती नाव बदललेली स्टुडबेकर.

सत्तर वर्षांच्या गाडीचं दार हा पुरावा नव्हे, हे मान्य. ब्रिग्जचं मात्र मेहुण्याने वाचावं. त्याला लिंक पाठवतोय.