थिसिसचा प्रश्न कुठून आणायचा

काल रात्री तुझा मेसेज वाचला. थिसिसचं सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, द्यायला पंधरा दिवस राहिलेत आणि तीन टॉपिकमधला कुठला घेऊ असं विचारलंस. मी टॉपिक निवडून देणार नाहीये, रागावू नकोस, पण तो निवडायचा कसा हे सांगते, कारण तुझ्या वयात मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची हळहळ अजून वाटते.

मी हाडांच्या विभागात पीजीला असताना क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतःच पाऊल आत वळलेल्या, मुलांच्या एक्सरेवर अँगल मोजत बसायचे. एक दिवस भोरहून एसटीने आलेली एक आई ओपीडीत होती, बाळ सात महिन्यांचं, प्लॅस्टर संपून ब्रेस, म्हणजे दांडीला जोडलेले बूट, सुरू झालेला. तिने माझ्यासमोर बूट घालून दाखवला, टाच आत बसतच नव्हती, एका अंगठ्याने पाय दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पट्टा ओढायचा, तोवर पोरगं रडून लालबुंद. मग हळूच म्हणाली, "मॅडम, रात्री सासूबाई काढून ठेवतात, लेकरू रडतं म्हणून. दोन तास काढलं तर पाय परत वाकडा होईल का?"

मला उत्तर देता आलं नाही. क्लबफूट सरळ करायची पोन्सेटी पद्धत तर मला तोंडपाठ होती, दर आठवड्याला प्लॅस्टर, साधारण पाच-सहा, मग बऱ्याच मुलांना छोटीशी टेनोटॉमी, म्हणजे टाचेमागचा टेंडन कापणं, नंतर तीन महिने दिवसाचे २३ तास ब्रेस आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. ब्रेस नीट वापरला नाही की पाय परत वळतो हेही माहीत होतं. पण त्या घरात, त्या सासूबाईंसमोर तो टिकवायचा कसा, यावर माझ्या अख्ख्या थिसिसमध्ये एक ओळ नव्हती.

घरच्यांच्या अशा प्रश्नांतून रिसर्चचे प्रश्न निवडायची ब्रिटनमध्ये एक रीतसर पद्धत आहे. २००४ साली तिथे जेम्स लिंड अलायन्स सुरू झालं. नाव जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरचं, ज्याने १७४७ मध्ये स्कर्व्हीच्या १२ खलाशांना दोन-दोनच्या जोड्या करून वेगवेगळे उपचार दिले आणि संत्री-लिंबू खाणारे बरे झालेले बघितले. त्यांच्याकडे पेशंट, आई-बाप आणि डॉक्टर सगळ्यांकडून प्रश्न मागवतात, ज्यांची उत्तरं आधीच मिळालेली आहेत ते बाजूला काढतात, आणि उरलेल्यांचा क्रम लावायला सगळे एका टेबलाशी बसतात. शेवटी वरचे दहा. लहान मुलांच्या पायांच्या सर्जरीसाठीही तिथे अशी यादी झालीय. ती वाच, पण तशीच उचलू नकोस, तिथल्या आईला प्लॅस्टरसाठी दर आठवड्याला रोजंदारी बुडवून स्वारगेटला उतरावं लागत नाही.

आपण मोजतो ते आणि घरच्यांना हवं ते, यात किती अंतर असतं हे सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताठ झालेल्या, मुलांत फार दिसतं. आपण हिप किती टक्के बाहेर सरकलंय ते एक्सरेवर बघतो, आणि हडपसरची एक आई मला म्हणाली की पाय फाकतच नाहीत, डायपर बदलायला दोन माणसं लागतात, ऑपरेशनने तेवढं होईल का. पर्थेसच्या, म्हणजे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेल्या, मुलाचा बाप विचारतो की शाळेत पळू द्यायचं की बसवून ठेवायचं आणि किती वर्षं. मोडलेल्या मांडीत नेल, म्हणजे धातूची सळई, घातलेल्या मुलाच्या घरचे विचारतात की हाड जुळलंय, दुखत नाहीये, तरी काढायचाच का. हे सगळे रिसर्चचेच प्रश्न आहेत गं, आपण त्यांना शंका म्हणतो आणि पुढचा पेशंट बोलावतो.

तर पुढच्या आठवड्यात दोन दिवस माझ्या ओपीडीला ये, एप्रन न घालता, आणि बाहेरच्या बाकावर बस. वही आण. त्यांना एवढंच विचार की घरी गेल्यावर कशाचं टेन्शन येतं, आणि जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, "पाय वाकडा होईल का" याचं लगेच "रिकरन्स" असं डॉक्टरी भाषांतर करू नकोस, सासूबाई आणि रात्र दोन्ही त्यातून गळून पडतात. मग लायब्ररीत बसून कशाचं उत्तर आधीच आहे ते शोध, तेवढे खोड. उरलेल्यात दोन वर्षांत आणि आपल्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये जे खरंच जमेल ते घे, पाच वर्षांचा फॉलोअप लागणारं असेल तर ते तुझं नाही, पुढे कुणीतरी करेल.

सिनॉप्सिसला चार दिवस उशीर झाला तर तुझ्या गाईडशी मी बोलते. येताना डबा आण, ओपीडी तीनच्या आत संपत नाही.