पट्टी काळी पाच, लय संथ; आणि भाव?

प्रश्न : अमेरिकन जाझ गायिका बिली हॉलिडेचं १९३९ सालचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ मला कॉलेजच्या कार्यक्रमात म्हणायचं आहे. एक अ‍ॅप जी लय दाखवतं, त्याच्या दुप्पट दुसरं दाखवतं. पेटीवर ध्वनिमुद्रणाची एक प्रत काळी पाचला जुळते, दुसरी जरा वर जाते. नेमकं काय धरू? आणि गाण्याचा भाव मायनरमुळेच आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काळी पाचच धरा. मूळ ध्वनिमुद्रण बी फ्लॅट मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज काळी पाच, गंधार कोमल. दुसरी प्रत वर का जाते, तर जुनी तबकडी नव्या माध्यमावर उतरवताना ती जरा जोरात फिरली असेल. ७८ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला ८२-८३ फेऱ्यांनी फिरवली की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि तीन मिनिटांचं गाणं दहाएक सेकंद आधी संपतं. पट्टी आणि लय अशी एकदमच बदलते. त्याआधी तुमची पेटी ट्यूनरवर तपासून घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच पेट्या चढ्या असतात.

लयीसाठी अ‍ॅप बाजूला ठेवा. इतक्या संथ गाण्यात यंत्र मधली अर्धी मात्राही पूर्ण म्हणून मोजतं, म्हणून आकडा दुप्पट येतो. पियानोच्या डाव्या हाताकडे लक्ष देऊन टाळी धरा, संथ लय हाताला आपोआप सापडेल. बिलीच्या शब्दांवर मात्र टाळी धरू नका. ती शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकते, आणि तिच्या गाण्याचा सगळा जीव त्या मागे राहण्यात आहे.

आता भाव. मायनरमुळे गाणं गंभीर होतं हे खरं, पण तेवढ्याने हे गाणं होत नाही. २० एप्रिल १९३९ला न्यूयॉर्कमध्ये, त्याच बैठकीत, त्याच वादकांबरोबर बिलीने ‘फाइन अँड मेलो’ही मुद्रित केलं. तेच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आहे. तेही संथच, पण तो ब्लूज आहे. वाईट वागणाऱ्या प्रियकराची तक्रार आहे, आणि त्यात ऊब आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. दोन्ही संथ असून काळीज वेगळ्याच जागी हलतं.

कारण ‘स्ट्रेंज फ्रूट’मधलं फळ म्हणजे झाडाला लटकणारा माणूस. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, जमाव काळ्या माणसांना ठार मारून फांदीला टांगत असे. अशा एका हत्येचा फोटो पाहून ब्राँक्समधले शिक्षक एबल मीरोपोल यांनी ही कविता लिहिली. ती १९३७मध्ये छापून आली. बिलीची नेहमीची कंपनी कोलंबिया मुद्रणाला तयार झाली नाही, तेव्हा मिल्ट गॅबलर यांच्या छोट्या कमोडोर कंपनीने ते केलं. गाणं लहान पडतंय म्हणून गॅबलरनी पियानोवादक सनी व्हाइटला सुरुवातीला काही वाजवायला सांगितलं. त्यामुळे बिलीचा आवाज सुमारे ७० सेकंदांनी येतो. आधी फ्रँकी न्यूटनचा ट्रंपेट, मग पियानो. तो भाग कापू नका. ऐकणाऱ्याला त्या जागी नेऊन उभं करण्याचं काम तोच करतो.

आणि ती गाते कशी? रडत नाही. आवाज चढवत नाही. दक्षिणेचं निसर्गसौंदर्य आणि मेलेल्या माणसाचा चेहरा, दोन्ही जवळजवळ एकाच सुरात सांगते. शेवटच्या शब्दापर्यंत तिने सगळं राखून ठेवलेलं असतं. ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात हे गाणं सर्वांत शेवटी होई. वेटर थांबत, दिवे मालवून फक्त तिच्या चेहऱ्यावर प्रकाश ठेवत, आणि वन्स मोअर नसे. तुमच्या कार्यक्रमातही ते शेवटी ठेवा. निवेदकाला आधी दोन वाक्यांत अर्थ सांगायला लावा, म्हणजे कुणी अस्थानी टाळ्या वाजवणार नाही.

तुमच्या गळ्याला काळी पाच सोयीची नसेल तर खुशाल पांढरी पाच घ्या, भाव त्याने जाणार नाही. लय वाढवली तर मात्र जाईल. तबला नको, ताना नकोत, कोमल गंधारावर आंदोलनही नको. फक्त पियानो घ्या, सुरुवातीचा ट्रंपेटचा भागही त्यावरच वाजवून घ्या, आणि इंग्रजी शब्दांचे उच्चार एखाद्या जाणत्याकडून पक्के करून घ्या. इथे एकही शब्द गिळून चालणार नाही.