मार्चअखेर आम्ही १२ जण ॲरिझोनातल्या अरावैपा कॅन्यनमध्ये एका दिवसात जाऊन येऊ शकतो का? बूट कोणते घालावेत?

१२ जणांना एकत्र जाता येणार नाही. तिथे एका गटात जास्तीत जास्त १० माणसं चालतात, त्यामुळे दोन गट करा आणि परवाने वेगवेगळे काढा. हे वाळवंटातलं संरक्षित रानक्षेत्र आहे. दिवसाला एकूण ५० जणांनाच आत सोडतात, पश्चिमेकडून ३० आणि पूर्वेकडून २०. वसंतातले शनिवार-रविवार लवकर भरतात, म्हणून आधी परवाना हातात घ्या, मगच सुट्टी टाका. फिनिक्स किंवा टूसॉनहून येत असाल तर पश्चिमेची बाजू सोयीची.

बुटांचं म्हणाल तर वॉटरप्रूफ बूट अजिबात नकोत. बांधलेली पायवाट नाही, ओढ्यातूनच चालायचं असतं, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. एकदा आत शिरलेलं पाणी अशा बुटांतून बाहेर पडत नाही (हा शहाणपणा मला भिजूनच आला). जुने, जाळीचे, घट्ट लेस बांधता येणारे बूट, लोकरी मोजे आणि एक काठी पुरे. वेग मात्र निम्म्यावर येतो. दरी साधारण १९ किलोमीटरची, त्यामुळे आरपारचा हट्ट न धरता दुपारी बाराच्या सुमाराला जिथे असाल तिथून मागे फिरा.

फक्त आधीच्या दोन-तीन दिवसांत वरच्या भागात जोरदार पाऊस झाला असेल, तर परवाना असला तरी जाऊ नका. कुत्रा न्यायला बंदी आहे.