तो पास देणारा शुर्ले 29 व्या वर्षीच का थांबला?

प्रश्न : दादा, 2014 च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलमधला जर्मनीच्या गोट्झेचा गोल आमच्या पेठेत कोणालाही विचारा, तोंडपाठ आहे. पण तो पास देणारा आंद्रे शुर्ले 29 व्या वर्षीच रिटायर झाला म्हणे. पाय मोडला होता का? आमच्या ग्रुपवर एक जण म्हणतो, पैसा मिळाला आणि पळून गेला. खरं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पळून गेला हे मला अजिबात पटत नाही, आणि तुमच्या ग्रुपवरच्या त्या मित्राला हे उत्तर नक्की वाचायला द्या.

आधी तो पास. आपल्याकडे तेव्हा 14 जुलैची मध्यरात्र उलटून गेली होती, घरातले झोपले म्हणून टीव्हीचा आवाज बंद. 113 वं मिनिट, क्रूसने डावीकडे बॉल दिला आणि शुर्ले लाइनच्या बाजूने सुटला, अंगावर अर्जेंटिनाचे दोन जण, आणि लक्षात घ्या की हा उजव्या पायाचा प्लेयर, तरी त्याने डाव्या पायाने बॉल असा उचलून दिला की तो बरोबर गोट्झेच्या छातीवर. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, गोल आणि जर्मनी 1-0 ने वर्ल्ड चॅम्पियन. मला विचाराल तर गोल जेवढा भारी तेवढाच तो पास भारी, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये, सगळ्यांचे पाय जड झालेले असताना असं धावायचं म्हणजे चेष्टा नाही.

आणि तो मॅचमध्ये कसा आला ते बघा. खेदीरा वॉर्मअपमध्ये दुखावला म्हणून क्रामर टीममध्ये आला, मग क्रामरच्याच डोक्याला मार बसला, इतका की त्याने रेफ्रीला विचारलं ही फायनलच आहे ना, आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्याला बाहेर काढून शुर्लेला आत पाठवलं. त्या वर्ल्ड कपमध्ये तो बऱ्याचदा बेंचवरूनच यायचा. अल्जेरियाविरुद्ध हाफटाइमला गोट्झेच्या जागी आला, 92 व्या मिनिटाला टाचेने गोल. ब्राझीलविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये, त्या 7-1 मध्ये, क्लोझच्या जागी येऊन 69 आणि 79 व्या मिनिटाला दोन गोल, त्यातला दुसरा क्रॉसबारला आतून घासून गेलेला, तो जमलं तर परत बघा.

आता मुद्द्याचं. त्याचा जन्म 6 नोव्हेंबर 1990 चा, लुडविग्सहाफेनचा, म्हणजे दोन्ही जर्मनी एक झाल्यावर महिनाभराने. माइन्झ क्लबच्या ज्युनियर टीममधून कोच टुखेलच्या हाताखाली वर आला. नोव्हेंबर 2010 मध्ये स्वीडनविरुद्ध तो आणि गोट्झे एकाच वेळी सब म्हणून उतरले, एकत्र जर्मनीत जन्मलेले पहिले दोन नॅशनल प्लेयर. चार वर्षांनी वर्ल्ड कपचा गोल याच दोघांमधून झाला, हे मला अजून खूप आवडतं.

पण त्यानंतर किंमत डोक्यावर बसली. आधी लेव्हरकुसेन आणि चेल्सी हे क्लब, मग 2015 मध्ये वोल्फ्सबुर्गने सुमारे 3 कोटी 20 लाख युरो मोजले, पुढच्याच वर्षी डॉर्टमुंडने जवळपास 3 कोटी. एवढे पैसे लागले की लोक दर शनिवारी त्याच गोलची वाट बघतात, आणि डॉर्टमुंडमध्ये दुखापती मागे लागल्या, टीममधली जागा गेली. गोट्झेही त्याच उन्हाळ्यात डॉर्टमुंडला परत आला होता, त्याला 2017 मध्ये मेटाबॉलिझमचा आजार निघाला. दोघंही एकाच पिवळ्या जर्सीत आणि दोघांचेही दिवस वाईट. मग शुर्ले लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, इंग्लंडच्या फुलहॅमला गेला, ती टीम खालच्या डिव्हिजनला गेली, मग मॉस्कोत स्पार्टाक. जुलै 2020 मध्ये डॉर्टमुंडने काँट्रॅक्ट एक वर्ष आधीच संपवला आणि दोन-तीन दिवसांत त्याने बूट काढून ठेवले.

'श्पीगल' या जर्मन मासिकाला त्याने जे सांगितलं ते असं की खड्डे खोल होत गेले, आनंदाचे क्षण कमी होत गेले, आपण बऱ्याचदा एकटे पडायचो, आणि या धंद्यात टिकायचं तर सतत एक भूमिका करत राहावी लागते. टाळ्यांची गरज आता उरली नाही असंही म्हणाला. हे बोलायला हिंमत लागते हो. त्याच्या आधी सेबास्टियन डाइस्लर 27 व्या वर्षी थांबला होता, तो मिडफिल्डर, त्याला डिप्रेशन होतं आणि ते त्याने उघडपणे सांगितलं होतं. शुर्लेने आजाराचं नाव घेतलं नाही, म्हणून आपणही लावू नये.

जर्मनीसाठी 57 मॅच आणि 22 गोल, बहुतेक फॉरवर्डना दोन जन्मांत एवढं जमत नाही. आमच्या मैदानावर एक पोरगा होता, चांगला स्ट्रायकर, प्रत्येक चुकलेल्या शॉटला बाहेरून शिव्या पडायच्या, एक दिवस यायचाच थांबला, आणि आम्ही सगळे म्हणालो दम नाही त्याच्यात. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : शुर्लेने सीझन अर्धवट सोडून चेल्सी सोडली, मग चेल्सीने जिंकलेल्या 2015 च्या प्रीमियर लीगचं मेडल त्याला मिळालं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मिळालं. त्या सीझनमध्ये लीगच्या 14 मॅच खेळला होता, म्हणजे हक्काचंच. चेल्सीची माणसं ट्रॉफी घेऊन थेट वोल्फ्सबुर्गला गेली आणि तिथे त्याच्या हातात दिली. 2015 च्या मे महिन्यात तो वोल्फ्सबुर्गबरोबर जर्मन कपही जिंकला, फायनलला समोर डॉर्टमुंड, 3-1.

प्रश्न : शुर्ले आता काय करतो? कोचिंग वगैरे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डोंगर आणि लांब पल्ल्याचं धावणं. बर्फातल्या थंडीत शर्ट न घालता चढतानाचे त्याचे व्हिडिओ आहेत. चेहरा बघा त्यात, दमलेला आहे पण हसतोय.