एक्स-रे स्वच्छ, मग धाप का लागते?

प्रश्न : फाउंड्रीत १४ वर्षं वाळूच्या साच्यातून निघालेले तुकडे ग्राइंड करतो. तोंडाला रुमाल असतो. वर्षभर सकाळी खोकला, बेडका. दोन जिने चढले की धाप लागते. दिवसाला पाच-सहा विड्या होतात. एक्स-रे स्वच्छ आला. तरी हे धुळीमुळे असेल का?

उत्तर : असू शकतं. सीओपीडीत, म्हणजे धूर-धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घ आजारात, श्वासनलिका अरुंद होतात आणि सुरुवातीला एक्स-रेत ते बहुधा दिसतच नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, हवी. छातीभर श्वास घेऊन नळीत सगळा जोर लावून फुंकायचं, साधारण सहा सेकंद, आणि एकमेकांशी जुळणारे तीन प्रयत्न यायला हवेत. अर्धवट फुंकलं की अहवाल फसवा येतो. मग श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊन १०-१५ मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा एकूण हवेच्या ०.७० पटीहून कमी, तीही औषधानंतर, तर अडथळा सहसा कायमचा असतो. गुणोत्तर ठीक पण एकूण हवाच कमी असेल, तर फुप्फुस ताठर होत असल्याची शंका घ्यायची, सिलिकोसिस (वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने फुप्फुसात व्रण होण्याचा आजार) त्यातलाच.

‘नॉर्मल’ या शेऱ्यावर समाधान मानू नका, आकडे जपून ठेवा. निरोगी प्रौढाचा पहिल्या सेकंदाचा आकडा वर्षाला साधारण ३० मिलीलिटरने उतरतो. तुमचा काही वर्षं सलग याहून बराच वेगाने घसरत असेल, तर तो ‘नॉर्मल’मध्ये असूनही काळजीचा.

डॉक्टरांना नुसतं ‘कंपनीत आहे’ सांगून भागत नाही. कोरडं ग्राइंडिंग, वाळूचे साचे, रोजचे तास, आधीची कामं, सगळं सांगा. सिलिकाच्या धुळीने क्षयाचा धोकाही वाढतो, त्यामुळे बेडक्याची तपासणी करून घ्याच. विडी सोडा, धूर आणि धूळ मिळून नुकसान जास्त करतात.

रुमालाचा उपयोग जवळपास नाही. खोलवर पोहोचणारे कण चार-पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, कापडाच्या विणीतून सहज जातात. एन९५ वापरा, पण दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते आणि मास्क नावापुरता उरतो.

प्रश्न : आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मास्क दिले, मोठे पंखे लावले. तरी धूळ हटत नाही.

उत्तर : पंखा धूळ घालवत नाही, शेजाऱ्याच्या नाकापर्यंत नेतो. ती जिथे उठते तिथेच ओढून घ्या. हूड, म्हणजे धूळ ओढणाऱ्या नळीचं तोंड, ठिणग्यांच्या वाटेत आणि कामाला अगदी चिकटून हवं : उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतकं लांब गेलं तरी ओढ सुमारे दहाव्या भागावर येते. ‘एक्झॉस्ट लावला, फरक नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. दुसरी खोड म्हणजे संध्याकाळी मशिनवर आणि कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारणं. खाली बसलेली सगळी बारीक धूळ पुन्हा उठते, तीही मास्क काढल्यावर. अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं वापरा. पाणी सोडून ग्राइंडिंग करणं चांगलंच, पण त्यासाठीच बनवलेल्या यंत्रावर. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी म्हणजे शॉकला आमंत्रण.

प्रश्न : काम सोडल्यावर सिलिकोसिस थांबतो का?

उत्तर : खात्री नाही. फुप्फुसात अडकलेला कण गिळणारी पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते. व्रण वाढू शकतात. म्हणून काम सोडल्यावरही स्पायरोमेट्री आणि एक्स-रे ठरल्या वेळी चालू ठेवा.