मुलाच्या आवडीवर सोडलं तर गणित मागे पडेल का?

तुमचा मुलगा सहा वर्षांचा, घरीच शिकतो, वर्कशीट दिसली की पलंगाखाली जाऊन बसतो. त्याच्या आवडीनेच शिकू दिलं तर गणित राहून जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

राहू शकतं. आवड हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आपणहून पोचेलच असं नाही. पण तो गणितापासून पळत नसेल, कागदापासून पळत असेल. आमच्याकडे तरी तसंच निघालं.

मुलगी पाच वर्षांची असताना मी हौसेने शंभरपर्यंत आकडे गिरवून घेतले. त्रेसष्ट म्हटलं की ती ३६ लिहायची. मी रागावलेही. खूप उशिरा लक्षात आलं की ती बिचारी ऐकते तेच लिहितेय. बोलताना आपण तीन आधी म्हणतो, साठ नंतर. मग वह्या मिटल्या आणि काड्या काढल्या. दहा झाल्या की रबरबँड, एक गठ्ठा. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. सहा गठ्ठे नि तीन सुट्या हे डोळ्यांनी दिसायला लागल्यावर उलटं लिहिणं हळूहळू थांबलं. एकोणतीस हवे असतील तर ती तीन गठ्ठे मांडते, एक सोडवते आणि एक काडी काढून घेते. एकोण म्हणजे एक कमी, हे मला स्वतःला इतकी वर्षं कुठे जाणवलं होतं! ‘हातचा’ पण तसाच. दहा सुट्या जमल्या की गठ्ठा बांधून खरंच हातात घ्यायचा आणि डावीकडे ठेवायचा.

मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडलेला क्रम मी धरून चालते: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. घाई होते ती नेहमी तिसऱ्या पायरीची. महागडं साहित्य लागत नाही. विकत घ्यायचंच तर बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या रंगीत कांड्या घ्या: १ ते १० सेंटीमीटरच्या, आकडे न छापलेल्या. दोन पिवळ्या मिळून एका नारिंगीएवढी लांबी होते, हे मूल कुणी न सांगता शोधतं.

पाढे पाठ करायच्या आधी बटणं मांडू द्या. तीन ओळींत चार-चार. आता बाजूला येऊन बघ, चार ओळींत तीन-तीन. सातांचा आयत काही केल्या होईना, तेव्हा तिने सातला ‘हट्टी’ ठरवलं. मग अकरा, तेरा, असे आणखी हट्टी शोधण्यात आठवडा गेला. मूळ संख्या हा शब्द मी मुद्दाम सांगितला नाही.

आवडीचं म्हणाल तर मध्यंतरी घरात फक्त निळा देवमासा होता. तो ३० मीटरपर्यंत लांब असू शकतो. तेवढी दोरी घरात मावेना, बाहेर जाऊन पसरली. तिची पावलं जास्त भरली, माझी कमी. यावर जे भांडण झालं, त्यातून मीटर कशाला लागतो हे कळलं. दोरीची घडी घालून अर्धा आणि पाव मासाही झाला. देवमासा तिने आणला, पण दोरी नेमकी त्या दिवशी मी समोर ठेवली होती. आवडीने शिकणं म्हणजे मोठ्यांनी बाजूला होणं, असं मला वाटत नाही.

आणि रोज पंधरा मिनिटं माझ्या मर्जीची. त्यात आवड नसते, कुरकुर असते. तेवढी चालते.

घड्याळ मात्र आठव्या वर्षीही जमलेलं नाही. साठ मिनिटांनीच तास का, शंभरांनी का नाही, यावर ती अडून बसली आहे. गठ्ठे दहाचेच बांधायचे हे मीच शिकवलं, त्यामुळे मला बोलायला जागा नाही.