बॉल पायथन चोरीला गेल्यावर

आधी खात्री करून घे की तो चोरीलाच गेलाय. बॉल पायथन, म्हणजे घरी पाळला जाणारा छोटा अजगर, फटीत, फ्रीजच्या मागे, कपाटाखाली दिवसेंदिवस गप्प पडून राहतो. कुलूप तुटलं असेल, किंवा हीटर-थर्मोस्टॅटही गायब असेल, तर मात्र शोधत बसू नकोस, त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठ.

तक्रारीत नुसता 'साप चोरीला गेला' असं लिहू नकोस. जात, लिंग, वजन, किंमत सगळं लिही. ही जात साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट 2 मध्ये येते, म्हणून सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत आणि खरेदीची पावती सोबत ने. 2024 च्या नियमांनुसार ही नोंदणी लागतेच. ती नसेल तर आधी वकिलाशी बोल. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस, आणि वनविभागालाही लेखी कळव.

खरा पुरावा म्हणजे फोटो. प्रत्येक बॉल पायथनच्या अंगावरची नक्षी वेगळी असते आणि कात टाकली तरी ती बदलत नाही. दोन्ही कुशींचे आणि डोक्याचे स्पष्ट फोटो पोलिसांना, सापांच्या डॉक्टरांना आणि ओळखीच्या पाळणाऱ्यांना पाठव. एखादी खूण मात्र स्वतःपाशीच ठेव. कुणी 'सापडला' म्हणून फोन केला तर तीच विचार. आगाऊ पैसे देऊ नकोस, एकटा भेटायला तर मुळीच जाऊ नकोस.

उपाशी असेल या काळजीने जीव तुटतो, कळतं मला. पण निरोगी मोठा पायथन काही आठवडे खाण्याशिवाय राहू शकतो. जास्त भीती थंडीची. परत मिळाला की आधी ऊब आणि पाणी दे, डॉक्टरांना दाखव, आणि इतर सापांपासून वेगळा ठेव.